लांबचा निळा

नवऱ्याच्या पावाला लोणी लावता लावता आभाळवालीचा हात मध्येच थांबला. त्याच्या कानामागची सावली निळी दिसत होती.

तिने सुरी खाली ठेवली आणि आधी उजेडावरच संशय घेतला. पण टेबलाच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या खिडकीतून सकाळचा उजेड रोजच्यासारखाच येत होता. किटलीची सावली चांगली दाट तपकिरी होती. मिठाच्या बाटलीच्या बुडाशी तर काळीभोर रेघ होती. नवऱ्यासमोर बसून त्याची धाकटी बहीण ठकू उकडलेलं अंडं सोलत होती, आणि तिच्या हनुवटीखाली असायला हवा तेवढा अंधार होता. नवराच तेवढा दहा वेळा धुतलेल्या शर्टासारखा दिसत होता. कानामागे निळं, डोळ्यांच्या खोबणीत निळं, आणि खांद्याची कड तर कुणी ओल्या बोटाने पुसल्यासारखी.

"काय बघतेस? तोंडाला काही लागलंय का?" नवऱ्याने विचारलं.

काही नाही म्हणत तिने सुरी उचलली आणि पावाच्या त्याच बाजूला पुन्हा लोणी लावायला घेतलं.

"तरीच या घरात लोणी पुरत नाही," ठकू हातातल्या अंड्याला म्हणाली.

आभाळवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण ती ज्या संग्रहालयात काम करायची तिथे तिला दुसऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. तिथल्या लांबलचक दालनांत काचेमागे देखावे मांडलेले होते. मेलेली पण मेल्यासारखी न दिसणारी जनावरं, त्यांच्या पायाखाली खरी माती आणि खरं वाळलेलं गवत, आणि मागे वळणाच्या भिंतीवर रंगवलेला माळ, डोंगर, आभाळ. जनावरं उभी करायचं काम नवऱ्याचं. तो कातडी कमवायचा, आतला साचा घडवायचा, काचेचे डोळे बसवायचा. पेंढा भरायची पद्धत जाऊन जमाना झाला होता, तरी त्याला सगळे पेंढेवालाच म्हणत. मागची भिंत मात्र आभाळवालीची. चार पावलं खोल कपाटात दहा कोसांचा माळ मावला पाहिजे, एवढंच काय ते तिचं काम. "मी मेलेल्यांना उभं करतो आणि ही त्यांना पळायला जागा करून देते," असं नवरा कुणालाही सांगायचा, आणि दर वेळी आपणच पहिल्यांदा हसायचा.

लोकांना वाटतं, लांबचं म्हणजे लहान काढायचं. लहान काय, पोरंटोरंही काढतात. खरी मेहनत असते ती मधल्या हवेची. वस्तू आणि डोळा यांच्यात जितकी हवा जास्त, तितके रंग विरत जातात, कडा मऊ होतात, सावल्यांतला काळा आधी तपकिरी, मग करडा आणि शेवटी निळा होतो. निळ्याच्याही पुढे गेलं की ते आभाळच. दाट काळा हा जवळच्यांचा मान. तो डोंगराला चुकूनही द्यायचा नाही, दिला की डोंगर धावत काचेवर येतो. हे सगळं तिच्या हातात इतकं मुरलं होतं की बाजारात उभी राहून ती समोरच्या टेकडीच्या सावलीवरून तिकडे पोचायला किती वेळ लागेल ते सांगायची, आणि फारशी चुकायची नाही.

म्हणून कानामागचा तो निळा तिला कुणी समजावून सांगायला नको होता. नवरा हाताच्या अंतरावर बसून पाव खात होता, आणि निदान दोन कोस लांब होता.

तिची गाळण उडाली ती मात्र दुसऱ्याच कारणाने. हे ती पहिल्यांदा पाहत नव्हती. सासऱ्यांना तिने असंच पाहिलं होतं, त्याच टेबलाशी, पेपर वाचताना. तेव्हा तिला वाटलं, आपल्याला चष्मा लागला. चष्म्याचा नंबर निघायच्या आत सासरे गेले. नंतर संग्रहालयाच्या कारखान्यातल्या त्या बाई, ज्या देखाव्यांसाठी मेणाची पानं करत. एके दुपारी आपल्याच हिरव्यागार पानांच्या ढिगाआड त्या अशा दिसल्या जणू धुक्यापलीकडे बसल्या आहेत. आभाळवालीने त्यांना बळेच घरी पाठवलं, आणि त्या परत आल्याच नाहीत. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? अमकी बाई लांब चाललीय, धरा तिला?

तिने नवऱ्याला डॉक्टरकडे नेलं. तो आधी हसला, मग चिडला, मग गेला. छाती, पोट, रक्त, सगळं पाहून झाल्यावर डॉक्टर म्हणाले की माणूस ठणठणीत आहे, बाईंनाच जरा विश्रांतीची गरज दिसते. परतताना नवरा रस्ताभर तिची चेष्टा करत होता. ती त्याचा हात धरून चालत होती. हाताला तो अगदी जवळ होता, गरम, जाड बोटांचा, तुरटीचा वास येणारा. म्हणून ती डोळे मिटून चालू लागली, तर फूटपाथवरच्या खांबावर आदळली. त्यावर तर त्याला आणखीच हसू आलं.

दिवस जात होते आणि तो फिकट होत होता. त्याचा काळा कोट राखेसारखा दिसू लागला. दुसऱ्या खोलीतून हाक मारली, तर नदीच्या पलीकडून यावी तशी त्याची 'ओ' जरा उशिरा आणि बारीक यायची. त्याला स्वतःला काही जाणवत नव्हतं. जेवणावरची वासना मात्र उडाली होती, आणि बोलता बोलता तो मध्येच गप्प व्हायचा, आपल्याला दुसरीकडे कुठेतरी जायचं होतं हे आठवल्यासारखा.

त्या काळात कारखान्यात हरणांच्या देखाव्याचं काम चाललं होतं. मोठ्या शिंगांचा नर मधोमध उभा होता, नवऱ्याच्या हातची फार देखणी कामगिरी. पण काचेसमोर उभं राहिलं की तो मागच्या डोंगरावर चिकटवल्यासारखा दिसायचा. दालनाचे साहेब दोनदा येऊन मान हलवून गेले. जनावराला रंग लावून गडद करावं, तर केस मरतात. दिवे हलवावेत, तर त्याची सावली मागच्या भिंतीवर पडते, आणि आभाळावर सावली पडली की आभाळाची भिंत होते. आभाळवाली सकाळभर नुसती बघत बसली. शेवटी तिला हे काम शिकवलेल्या मास्तरांचं बोलणं आठवलं. मास्तर म्हणायचे, पुढचं पुढे ओढता येत नसतं, बाई. मागचं मागे ढकल, पुढचं आपल्या पायाने पुढे येतं.

तिने पांढऱ्यात निळ्याचा एक थेंब टाकला, पाण्यासारखं पातळ केलं आणि नराच्या शिंगांमागच्या डोंगरावर एक हलका हात फिरवला. डोंगर मागे सरले. तिच्या डोळ्यांदेखत तो नर एक पाऊल पुढे आला आणि मातीवर नीट उभा राहिला.

ती ब्रश हातात धरून तशीच उभी होती. ब्रशातून पाणी ठिबकून तिच्या चपलेवर पडत होतं.

त्याच संध्याकाळी तिने कारखान्यातला एक जुना सरावाचा पडदा गुंडाळून घरी आणला. त्यावर तिनेच कधीकाळी डोंगरांच्या रांगा काढल्या होत्या, एकामागे एक, शेवटची अशी की आहे की नाही कळू नये. घरातलं टेबल लांबट होतं. गॅसकडच्या टोकाला ती बसायची, लांब बाजूंना नवरा आणि ठकू समोरासमोर, आणि खिडकीकडच्या टोकाच्या खुर्चीवर जुने पेपर आणि घडी न केलेले कपडे. तिने पडदा त्या खुर्चीमागे खिडकीच्या दांडीला अडकवला, म्हणजे तिच्या जागेवरून पाहिलं की नवऱ्याच्या खांद्यामागे डोंगर येत.

"आता जेवतानासुद्धा संग्रहालय," ठकू म्हणाली. "आणि येणारा उजेड अडवून आपण डोंगर बघायचे. धन्य आहे बाई."

ठकूचं बरोबरच होतं, पण ठकूचं बरोबर असणं आभाळवालीला कधीच सोसत नसे. ठकू लहानपणी लाकडाच्या ठकीसारखी गोल होती म्हणून ठकू, आणि पन्नाशी उलटली तरी ठकूच. चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. सुतळीचे तुकडे जमवायची, न्हाणीघरात शिरली की बाहेर यायचं नाव घ्यायची नाही, आणि प्रत्येक भांडं आभाळवालीने घासल्यावर पुन्हा घासायची. नणंद-भावजयीचं भांडण असं कधी झालं नव्हतं. झालं असतं तर बरं, असं दोघींनाही वाटत असावं.

पडद्याचा उपयोग झाला नाही. डोंगर झकास लांब गेले, पण नवरा डोंगरांइतकाच लांब राहिला. आभाळवालीने पडदा खाली घेतला, वर केला, जास्त फिकट करून पाहिला. रंगवलेल्या अंतराला ते भुलत नव्हतं. जन्मभर तिने माणसांच्या डोळ्यांना फसवलं होतं, पण हे जे काय होतं त्याला डोळे नसावेत.

तिसऱ्या की चौथ्या सकाळी ठकूला राहवलं नाही. पडदा वाकडा लटकलाय, माझा घास उतरत नाही, असं म्हणत ती उठली, खिडकीकडे गेली, खुर्चीवरचे पेपर खाली ठेवून दांडीशी खटपट करू लागली. आभाळवालीच्या जागेवरून ती नवऱ्याच्या खांद्याआड अर्धी झाकलेली दिसत होती.

आणि नवऱ्याच्या कानामागे अंधार परत आला.

आधी तपकिरी, मग चांगला दाट. कोटाची कॉलर काळी झाली. खांद्याची कड सुरीने कापावी तशी उमटली. त्याने एकदम मान वर केली, हवा हुंगली आणि विचारलं की आज पाव भाजलेत का, वास छान येतोय. पाव रोजच भाजलेले असत.

ठकू पडदा सरळ करून आपल्या जागेवर येऊन बसली, आणि तो पुन्हा निळा झाला.

आभाळवालीने त्या दिवशी कामावरून लवकर येऊन खिडकीकडची खुर्ची रिकामी केली, पुसली, तिच्यावर जाड उशी बांधली. पडदा काढून टाकला. रात्री जेवताना तिने ठकूला सांगितलं की तुझे गुडघे दुखतात, तिकडे सकाळचं ऊन येतं, उद्यापासून तूच तिथे बस. हे बोलताना आपला आवाज इतका प्रेमळ निघाला याचं तिलाच नवल वाटलं.

ठकूने उशी दाबून पाहिली. त्या रात्री तिने भांडी पुन्हा घासली नाहीत.

पुढचे दिवस आभाळवालीने जणू श्वास रोखून काढले. नवरा रोज थोडा थोडा परत येत होता. त्याच्या भुवया काळ्या झाल्या. तो दुसऱ्यांदा वाढून घेऊ लागला, शिट्टी वाजवू लागला, कातडी पुरवणाऱ्या माणसाला शिव्या देऊ लागला. हाक मारली की तोंडावर 'ओ' यायची. आनंदाने तिला रडू यायचं, आणि रडू आलं की कांद्याचं निमित्त करावं लागायचं.

ठकूकडे ती मुद्दाम बघत नव्हती. पण चित्रकाराची नजर ती, वळायचं तिथे वळतेच. ठकूच्या घरातल्या झग्यावर मोठी लाल फुलं होती, इतकी भडक की आभाळवालीचे डोळे दुखायचे. ती फुलं आधी गुलाबी झाली, मग राखी. हनुवटीखालचा अंधार विरला. खिडकीच्या उजेडात ती अशी दिसू लागली की आहे की नाही कळू नये.

"हा साबण रंग खातो," ठकू झग्याकडे बघत म्हणाली. "तुला किती वेळा सांगितलं, स्वस्तातला आणू नकोस."

आभाळवालीने दुसऱ्या दिवशी महागातला साबण आणला. इतकंच तिच्याने झालं. आणि मनात एक विचार आला तो तिने झटकला नाही, हेही खरं. सुंठीवाचून खोकला जाईल, असा तो विचार होता. आपण काही केलं नाही, कुणाला धक्का दिला नाही. उन्हातली जागा दिली, उशी दिली. नवरा आपला, घर आपलं, आणि जगात माणसं जातातच. ती कारखान्यात माळ रंगवत होती तेव्हा हे सगळं तिला अगदी पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच स्वतःची किळस येत होती. तरीही आणखी काही सकाळी ती गॅसकडच्या टोकाला बसून ठकूला लांब जाताना बघत राहिली.

एका सुट्टीच्या दुपारी नवरा झोपला होता. ठकू खिडकीकडच्या खुर्चीत बसून आभाळवालीचा रंगाने भरलेला झगा शिवत होती. तिला कुणी शिवायला सांगितलं नव्हतं.

"वहिनी," ती शिवणावरची नजर न काढता म्हणाली, "एक सांगू? हल्ली मला तुमची दोघांची बोलणी लांबून आल्यासारखी वाटतात. शेजारच्या घरात कुणी बोलत असावं तशी."

"कान दाखवून ये," आभाळवाली म्हणाली.

"कान बरे आहेत. वाईट नाही वाटत काही. उलट बरं वाटतं." तिने दोरा दाताने तोडला. "मी या घरात इतकी वर्षं आहे, पण माझी अशी जागा नव्हती. जिथे मोकळं असेल तिथे बसायचे. तू दिलीस ती पहिली. दादालाही सुचलं नव्हतं."

आभाळवालीने किटली उचलली, ती रिकामी होती, तरी कपात ओतायला धरली. ठकूने मान वर करून बघितलं आणि ती हसली. तिचे दातसुद्धा आता पांढरे दिसत नव्हते, आभाळाच्या कडेला असतो तसला रंग होता त्यांना.

त्या रात्री आभाळवालीने नीट विचार केला, जसा ती नव्या भिंतीसमोर करायची. ठकूला तिथून उठवलं तर नवरा जातो. नाही उठवलं तर ठकू जाते. मागे कुणीतरी लागतंच. आणि रंगवलेलं चालत नाही, माणूस लागतो. घरात माणसं होती तीन. हिशोब काही अवघड नव्हता. तिला आधी सुचला नाही तो एवढ्याचसाठी, की जन्मभर ती काचेच्या अलीकडे उभी होती. देखाव्यात बघणाऱ्याला कधी धरत नाहीत.

सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठून खिडकीकडच्या खुर्चीत बसली.

ठकू आली आणि थबकली.

"ती माझी जागा आहे."

"आजपासून मी बसणार इथे. तू गॅसकडे बस, माझ्या जागेवर. चहाही तूच ओत."

"का?"

कारण असं काही सांगण्यासारखं नव्हतंच. आभाळवाली म्हणाली की मला ऊन हवंय. ठकूने उशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचे डोळे भरून आले, पण पाणी तिने खाली पडू दिलं नाही.

"दिलेलं परत घेऊ नये गं वहिनी," ती म्हणाली. "त्यापेक्षा द्यायचंच नाही."

आणि तिने अबोला धरला. नवरा बाहेर आला, बायकांच्या भानगडीत पडायचं नाही हे जुनं शहाणपण वापरून पाव खाऊ लागला. ठकू गॅसकडच्या टोकाला पाठ ताठ करून बसायची, चहा ओतायची, कप टेबलाच्या मध्यापर्यंत सरकवायची आणि तिकडे बघायचीही नाही. आभाळवालीला ते लागत होतं. पण ठकूच्या झग्यावर पहिलं फूल पुन्हा लाल झालं त्या सकाळी तिला इतकं हलकं वाटलं की तिने कुणी बोलत नसतानाही हसून घेतलं.

खिडकीकडून टेबल निराळंच दिसायचं. लांबच्याला जवळचं कसं दिसतं हे तिने कधी रंगवलं नव्हतं, कुणीच रंगवत नाही. ती दोघं फार मोठी आणि फार स्पष्ट दिसत होती. नवऱ्याच्या गालावरचा राहून गेलेला एकेक केस, ठकूच्या कोपरावरच्या सुरकुत्या, दोघांच्या हनुवटीखालचा दाट, चांगला काळा. आपली ही दोन माणसं इतकी देखणी आहेत हे आपल्या कधी लक्षात कसं आलं नाही, असं तिला वाटायचं. ठकूसुद्धा. मग ती आपल्या हातांकडे बघायची. हात तिला नेहमीसारखेच वाटत. नखांत निळा होता, पण तो तर कायमचाच.

एक दिवस ती नवऱ्याला हरणांच्या देखाव्याबद्दल सांगत होती. काच बसली, दालन उघडलं, आणि साहेबांनी नराकडे बघत सगळ्यांदेखत पेंढेवाल्याचं नाव घेतलं. ती चांगली रंगवून सांगत होती, साहेबांची मान हलवायची तऱ्हासुद्धा करून दाखवली.

नवऱ्याने तोंड पुसलं आणि खिडकीकडे पाहिलं. डोळे जरा बारीक केले.

"आज गप्पशी आहेस," तो म्हणाला. "बरं नाही का?"

ती म्हणाली की मी बरी आहे. त्याने थोडा वेळ वाट पाहिली, मान हलवली आणि बूट घालायला बाहेरच्या खोलीत गेला. त्याची शिट्टी ऐकू येत होती, पण कोणतं गाणं ते तिला कळेना.

ठकूने दुसरा चहा ओतला. कप टेबलाच्या मध्यापर्यंत सरकवला आणि अबोल्याच्या नियमाप्रमाणे तोंड फिरवलं. आभाळवालीने हात पुढे केला.

टेबल ते केवढंसं. एरवी बसल्या जागेवरून या टोकाचं मीठ त्या टोकाला ओढून घेता येई. तिने हात लांब केला, मग आणखी पुढे वाकून लांब केला. बोटं कपाच्या दिशेने जात होती आणि कप तिथेच होता, वाफ निघत होती त्यातून, आणि हात पुरत नव्हता. तिला भीती वाटली. एवढे दिवस सगळं ठरवून केलं होतं, तरी वाटली.

ठकूने डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. मग पूर्ण वळून बघितलं. तिच्या कपाळावर आठी पडली. ती इतक्या घाईने उठली की खुर्ची मागे जाऊन पडली. तिने कप उचलला. दुसरा हात पुढे धरला, अंधारात चालताना धरतात तसा.

"हात तसाच धरून ठेव," ती म्हणाली. अबोला मोडल्याचं तिच्या लक्षातही आलं नसावं. "हलू नकोस तिथून. मी येते."

तिचा आवाज बारीक होता, पण शब्द कळले. आभाळवालीने हात तसाच ठेवला. ठकू टेबलाला वळसा घालून निघाली, एक हात समोर, दुसऱ्यात कप, चहा सांडू नये म्हणून खाली बघत. नवऱ्याची खुर्ची मागे पडली. मिठाची बाटली मागे पडली. तिच्या झग्यावरची फुलं लालभडक होती, आणि ती चालतच होती.